‘ओल्ड नंबर वन’ : एका मोटारीची कुळकथा

इतिहासाच्या व्याख्यानात मोटारगाडीला स्थान असावे काय, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला तर त्यांना दोष देता येणार नाही. राजे, लढाया, तह आणि सनदा यांच्या पंगतीला शर्यतीची एक गाडी आणून बसवणे प्रथमदर्शनी पोरकटपणाचे वाटेल. परंतु १९९० सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या हायकोर्टात ज्या प्रश्नाचा निकाल लागला, तो प्रश्न मोटारीचा असला तरी इतिहासाच्या गाभ्याचा होता. एखादी वस्तू साठ वर्षे टिकते. तिचे एकेक अंग बदलत जाते, मालक बदलतात, रूप बदलते. नाव मात्र तेच राहते. मग ती वस्तू ‘तीच’ आहे असे कशाच्या आधारावर म्हणायचे? लोखंडाच्या, कागदाच्या की लोकांच्या आठवणीच्या? या प्रश्नाच्या उत्तरावर त्या दिवशी एक कोटी पौंडांचा व्यवहार अवलंबून होता. आम्हांला पौंडांपेक्षा त्या उत्तराचे महत्त्व अधिक वाटते, आणि म्हणूनच त्या गाडीची सारी कुळकथा आज आपणांपुढे मांडण्याचे योजले आहे.

गाडीच्या कुळाचा मूळपुरुष वॉल्टर ओवेन बेंटली. त्याचा जन्म १८८८ सालचा, लंडनचा. तरुणपणी त्याने डॉनकॅस्टर येथे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केली, आणि आगगाडीच्या एंजिनाचा तो संस्कार त्याच्या हातावर कायमचा राहिला. यंत्र भक्कम असावे, त्याने मैलोगणती कुरकुर न करता धावावे, अशी त्याची धारणा होती. पुढे भावाबरोबर त्याने डी. एफ. पी. नावाच्या फ्रेंच मोटारींचा व्यापार केला आणि त्यांच्या एंजिनात ॲल्युमिनियमचे दट्टे बसवून त्या इतरांपेक्षा वेगवान करून दाखवल्या. पहिल्या महायुद्धात त्याने लढाऊ विमानांसाठी एंजिने तयार केली. युद्ध संपल्यावर १९१९ साली त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. लंडनच्या उत्तरेस क्रिकलवुड येथे तिचा कारखाना होता. १९२१ साली पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली, आणि १९३१ साली कंपनी बुडाली. मधल्या दहा वर्षांत सुमारे तीन हजार गाड्या बाहेर पडल्या. आजच्या हिशेबाने ही संख्या क्षुल्लक आहे. परंतु कीर्ती संख्येवर अवलंबून नसते.

ही कीर्ती मिळाली ती फ्रान्समधील ल मान्स या गावी. १९२३ साली तेथे चोवीस तासांची शर्यत सुरू झाली. शनिवारी दुपारी निघायचे, रात्रभर सार्वजनिक रस्त्यांच्या फेऱ्या मारायच्या आणि रविवारी दुपारी ज्याचे अंतर सर्वांत जास्त भरेल तो विजयी, असा तिचा सर्वसाधारण प्रकार. कोणतीही मोटार एवढे सहन करील यावर प्रारंभी बेंटलीचा स्वतःचाच विश्वास नव्हता. पहिल्या वर्षी जॉन डफ आणि फ्रँक क्लेमंट यांनी बेंटली चालवली. एका दगडाने पेट्रोलची टाकी फुटली, तेव्हा क्लेमंटने सायकलवरून पेट्रोलचे डबे नेऊन गाडी पुन्हा चालती केली! दुसऱ्याच वर्षी, १९२४ साली, हीच जोडी विजयी झाली. १९२७ साली एका वळणावर अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या; त्यांतून मोडक्या अंगाने बाहेर पडलेली ‘ओल्ड नंबर सेव्हन’ शेवटी पहिली आली. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात विजयाची मेजवानी झाली तेव्हा या गाडीलाच सन्माननीय पाहुणी म्हणून दिवाणखान्यात आणले होते. घोड्यांना नावे द्यावीत तशी या गाड्यांना नावे मिळाली, यात नवल नाही. १९२८ साली जी जिंकली ती ‘ओल्ड मदर गन’, आणि १९२९ साली जी जिंकली ती आपल्या कथेची नायिका, ‘ओल्ड नंबर वन’.

नायिकेकडे वळण्यापूर्वी तिच्या धन्याची ओळख करून घेतली पाहिजे. वुल्फ बार्नाटो हा किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत अमाप पैसा मिळवलेल्या बार्नी बार्नाटोचा मुलगा. बाप १८९७ साली बोटीवरून समुद्रात पडून मरण पावला, तेव्हा वुल्फ दोन वर्षांचा होता. मोठेपणी तो उत्तम मुष्टियोद्धा झाला आणि सरे परगण्याच्या क्रिकेट संघात यष्टिरक्षक म्हणून काही सामने खेळला. बेंटली कंपनी पैशाअभावी डबघाईला आली तेव्हा, १९२६ साली, त्याने भांडवल घातले आणि तो तिचा अध्यक्ष झाला. ल मान्सला तो तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा पहिला आला. त्यांपैकी दोन विजय ओल्ड नंबर वनने मिळवून दिले.

ही गाडी ‘स्पीड सिक्स’ जातीची. सहा नळकांड्यांचे, साडेसहा लिटरचे तिचे एंजिन होते. चासीचा क्रमांक एल. बी. २३३२ आणि रस्त्यावरचा नोंदणी क्रमांक एम. टी. ३४६४. हे आकडे ध्यानात ठेवावेत, कारण पुढे त्यांच्यावरूनच वाद होणार आहे. १९२९ च्या मे महिन्यात ती इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या ‘डबल ट्वेल्व्ह’ शर्यतीत प्रथम उतरली. शेजारच्या रहिवाशांची झोप मोडू नये म्हणून तेथे चोवीस तासांची शर्यत बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत विभागलेली असे. त्या पहिल्या खेपेस डायनॅमोने दगा दिला आणि गाडीला बाहेर पडावे लागले. पण जून महिन्यात ल मान्सला तिने त्याची भरपाई केली. बार्नाटो आणि सर हेन्री बर्किन यांनी ती चालवली. अंगावर आकडा होता एक, आणि तिच्या नावाची उत्पत्ती हीच. चोवीस तासांत तिने सुमारे २,८४४ किलोमीटर अंतर तोडले. तिच्या मागे दुसरी, तिसरी आणि चौथी आली त्याही बेंटलीच! शेवटी शेवटी प्रतिस्पर्धी इतके मागे पडले होते की बेंटलीने आपल्या गाड्यांना मुद्दाम वेग कमी करायला लावला.

१९३० साली बार्नाटोने ग्लेन किड्स्टनला जोडीस घेतले. या वेळी खरा सामना जर्मनीच्या मर्सिडीजशी होता. तिच्यावर रुडॉल्फ काराचिओला आणि क्रिस्टियन व्हेर्नर हे कसलेले चालक होते. बर्किनने दुसऱ्या एका बेंटलीवरून मर्सिडीजचा असा पाठलाग केला की मागच्या टायरच्या चिंध्या उडत असतानाही त्याने तिला मागे टाकले. रात्री मर्सिडीज बंद पडली, आणि ओल्ड नंबर वन २,९३१ किलोमीटर अंतर तोडून दुसऱ्यांदा विजयी झाली. यातील गंमत अशी की, त्या वर्षी तिच्या अंगावर आकडा चार होता. एकचा आकडा मर्सिडीजच्या वाट्याला आला होता. म्हणजे एका वर्षातच नाव हे आकड्यापासून सुटून स्वतंत्र झाले होते.

येथे आपण कारखान्याच्या आत डोकावले पाहिजे. शर्यतीची गाडी ही कपाटात ठेवायची वस्तू नसते. चोवीस तास कमाल वेगाने धावलेल्या गाडीचे एंजिन उघडायचे, झिजलेले काढायचे, नवे घालायचे, पाटे तपासायचे, ब्रेक बदलायचे, हे काम प्रत्येक शर्यतीनंतर होई. एका गाडीचा भाग दुसरीला बसवणे यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मिस्त्रींपुढे प्रश्न एकच असे : पुढची शर्यत कशी जिंकायची? साठ वर्षांनी कोणी वकील भिंग घेऊन येईल आणि ‘ही पट्टी कोणत्या सालची’ असे विचारील, हे त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते. बहुतेक सर्व इतिहासाची हीच अडचण आहे. ज्यांनी तो घडवला ते आपापल्या कामात गुंतलेले होते. आपल्यासाठी पुरावे जपून ठेवणे हे त्यांचे काम नव्हते.

पुरावा सुटला की दंतकथा कशी शिरते, याचे उदाहरण बार्नाटोच्याच चरित्रात आहे. १९३० च्या मार्चमध्ये त्याने पैज मारली की, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान येथून ‘ब्ल्यू ट्रेन’ या आगगाडीबरोबर निघून, ती कॅले बंदरात पोहोचण्यापूर्वी आपण मोटारीने लंडनमधल्या क्लबात हजर होऊ. रात्रभर पावसाधुक्यातून गाडी हाकून त्याने ही पैज चार मिनिटांनी जिंकली. पुढे अनेक वर्षे एक देखणी, उतरत्या छपराची स्पीड सिक्स ‘ब्ल्यू ट्रेन बेंटली’ म्हणून मिरवत राहिली. तिची चित्रेही निघाली. परंतु तारखा जुळवून पाहता असे आढळले की, ती गाडी तयार होऊन बार्नाटोच्या हाती आली तीच मुळी मे महिन्यात, म्हणजे पैजेनंतर. प्रत्यक्ष धावली होती ती त्याची दुसरी, साध्या बंद घाटाची स्पीड सिक्स. देखण्या गाडीत पहिल्यापासूनचे लोखंड शाबूत होते, तरी तिच्या नावावर सांगितलेला पराक्रम तिचा नव्हता. लोखंड अस्सल असले म्हणून कथा अस्सल ठरत नाही, ही गोष्ट आपण मनाशी बांधून ठेवू.

१९३० च्या विजयानंतर बेंटली कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. जागतिक मंदीने महागड्या गाड्यांचे गिऱ्हाईक नाहीसे केले होते. बार्नाटोने आणखी पैसा घालण्याचे नाकारले आणि जुलै १९३१ मध्ये कंपनीवर रिसीव्हर आला. नेपियर कंपनी ती विकत घेणार असे सर्वांनी धरून चालले होते. पण ऐन वेळी एका अपरिचित ट्रस्टने जास्त बोली दिली. या ट्रस्टच्या पडद्याआड प्रतिस्पर्धी रोल्स रॉइस कंपनी होती, हे मागाहून कळले. अशा रीतीने कारखान्याबरोबर ‘बेंटली’ हे नावही विकले गेले. पुढे बेंटली लॅगोंडा कंपनीसाठी काम करू लागला, तेव्हा तिच्या गाडीला आपल्या निर्मात्याचे नाव लावणेही रोल्स रॉइसच्या हक्कामुळे अशक्य झाले. माणूस एकीकडे आणि त्याचे नाव दुसरीकडे, असा हा चमत्कारिक संसार होता.

ओल्ड नंबर वनची धाव मात्र संपली नव्हती. १९३१ च्या शरद ऋतूत, कंपनी मोडीत निघालेली असताना, जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी ब्रुकलँड्सची पाचशे मैलांची शर्यत तिच्यावर जिंकली. सरासरी वेग ताशी ११८ मैलांच्या वर होता. ब्रुकलँड्स हे १९०७ साली खास मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेले काँक्रीटचे वर्तुळ. वळणांवर त्याच्या कडा सुमारे तीस फूट उंच उचललेल्या होत्या, म्हणजे गाडी जणू भिंतीवरून धावे. १९३२ च्या शर्यतीसाठी गाडीची पुन्हा नवी बांधणी झाली. चार लिटरच्या बेंटलीची चासी आणि तिच्यावर आठ लिटरचे प्रचंड एंजिन असे तिचे रूप झाले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी जॅक आणि त्याचा भाऊ क्लाइव्ह हे दोघे आळीपाळीने ती चालवणार होते. जॅकने आपली पाळी संपवून गाडी भावाच्या स्वाधीन केली. थोड्याच वेळात, पुढच्या गाडीला ओलांडण्यासाठी क्लाइव्ह उंच कडेकडे गेला, चाक कडेवरून निसटले आणि गाडी पलीकडच्या झाडांत कोसळली. क्लाइव्ह डनफी जागच्या जागी ठार झाला. जॅक त्या वेळी मैदानावरच होता.

या घटनेवर अधिक लिहिण्याची गरज नाही. बार्नाटोने ते भग्नावशेष भंगारात दिले नाहीत. त्यांतून त्याने रस्त्यावर चालवण्याजोगी कूपे घाटाची गाडी बांधवून घेतली. शर्यती तिच्या आयुष्यातून संपल्या. तिच्यावर बसलेली माणसेही एकेक करून गेली. किड्स्टन १९३१ सालीच आफ्रिकेत विमान अपघातात गेला होता. बर्किन १९३३ साली, बार्नाटो १९४८ साली आणि वृद्ध बेंटली १९७१ साली गेला. गाडी मात्र एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. शेवटी एका जाणकार मालकाने वरची बॉडी उतरवून जुन्या शर्यतीच्या घाटाची उघडी बॉडी तिच्यावर चढवली, आणि १९९० साली मिडलब्रिज सिमिटर या कंपनीशी तिच्या विक्रीचा सौदा केला. किंमत ठरली एक कोटी पौंड, काही रोख आणि काही इतर मोटारींच्या रूपाने.

सौदा झाल्यावर खरेदीदाराचे मन फिरले. त्याच्या बाजूने कोर्टात मांडण्यात आलेला आक्षेप थोडक्यात असा : आम्ही ओल्ड नंबर वन विकत घेतली, ही ती गाडीच नव्हे. ल मान्सला जी जिंकली तिचे यात उरले आहे काय? प्रश्न रोखठोक होता आणि न्यायमूर्ती ऑटन यांनी त्याला तितकेच रोखठोक उत्तर शोधले. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या आणि गाडीचे अंगप्रत्यंग तपासले गेले. निष्पन्न झाले ते असे. १९२९ सालच्या विजयी गाडीचे, ज्यांचे साल खात्रीने सांगता येत नाही असे काही किरकोळ जोड वगळता, जवळजवळ काहीच उरले नव्हते. १९३० च्या गाडीचे पेडलचा दांडा, गिअर बॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेच उरले होते. याउलट १९३२ च्या गाडीचे पुष्कळ शिल्लक होते : चासी, पाटे, पुढचा आस, मागच्या आसाचे कवच, आठ लिटरचे एंजिन आणि काही तबकड्या.

हा हिशेब नीट पाहावा. खरेदीदाराला हवे होते विजयाचे लोखंड. आणि हाती उरलेले बहुतेक लोखंड होते मृत्यूचे. ज्या अंगांनी ल मान्स जिंकले ती झिजून गेली होती. ज्या अंगांवर क्लाइव्ह डनफी बसला होता ती शिल्लक होती.

न्यायमूर्तींनी येथे शब्दांचा जो विवेक केला, तो इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. त्यांनी ते वेगळे केले. कारखान्यातून निघाली तशीच जी राहिली ती मूळ. या अर्थाने ही गाडी मूळ नव्हे. आणि खरे पाहता, झुंजीत उतरलेली कोणतीही शर्यतीची गाडी या अर्थाने मूळ राहूच शकत नाही. परंतु ही नक्कल नव्हे, किंवा नाहीशी झालेली गाडी कोणी मागाहून पुन्हा बनवली असेही नव्हे. १९२९ पासून १९३२ पर्यंत चार हंगाम ती अखंड धावली. नवे भाग आले ते थोडेथोडे, आणि जुन्या देहात मिसळून गेले. अमुक दिवशी एक गाडी संपली आणि दुसरी सुरू झाली, असे बोट ठेवून दाखवता येईल असा क्षण तिच्या आयुष्यात नाही. शिवाय या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटली जगात कोठेही नाही. म्हणून ती अस्सल ओल्ड नंबर वन आहे, असा निर्णय त्यांनी दिला आणि खरेदीदाराला सौदा पुरा करणे भाग पडले.

ग्रीक ग्रंथकार प्लुटार्क याने थिसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. कुजलेल्या फळ्या बदलता बदलता सारे जहाज नवे झाले. मग ते तेच की दुसरे, असा वाद तत्त्वज्ञ घालीत असत. आपल्याकडेही जीर्णोद्धार झालेल्या देवळाला कोणी परके देऊळ मानीत नाही. परंतु जीर्णोद्धार करणारा सुज्ञ असला तर तो दारावर शिळा बसवतो आणि अमुक साली अमुक भाग नव्याने बांधला असे लिहून ठेवतो. या शिळेमुळे देवळाचे प्राचीनत्व कमी होत नाही. उलट त्यावरचा आपला विश्वास वाढतो. न्यायमूर्ती ऑटन यांच्या निकालपत्राला आम्ही अशीच शिळा समजतो. त्यात गाडीला तिचे नाव मिळाले, पण त्याच वेळी काय उरले आणि काय गेले याची जाहीर नोंदही झाली.

याच्या उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. बेंटलीचे नाव १९९८ साली जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीकडे गेले, आणि २००३ साली त्याच नावाची गाडी ल मान्सला पुन्हा पहिली आली. २०२२ साली या कंपनीने जुन्या स्पीड सिक्सच्या बारा हुबेहूब नव्या गाड्या बांधण्याचे जाहीर केले. त्या गाड्या जुन्या नकाशांशी तंतोतंत जुळत असतील. ओल्ड नंबर वनपेक्षाही त्या १९३० च्या रूपाशी अधिक जवळच्या असतील. तरी ल मान्सच्या त्या रात्री त्या तेथे नव्हत्या, आणि ब्रुकलँड्सच्या त्या दुपारीही नव्हत्या. त्यांना रूप आहे, पण पूर्ववृत्त नाही. ओल्ड नंबर वनचे रूप चार वेळा पालटले, पण तिचे पूर्ववृत्त तुटले नाही.

तात्पर्य, वस्तूची ओळख तिच्या द्रव्यापेक्षा तिच्या अखंड हकिकतीत असते. परंतु ही सवलत फुकट मिळत नाही. हकिकतीवर हक्क सांगणाऱ्याने ती सगळी पत्करली पाहिजे. १९२९ आणि १९३० हवे, १९३२ नको, असे म्हणता येत नाही; कारण ज्या सातत्याच्या धाग्याने दोन विजय आजच्या गाडीपर्यंत येतात, तो धागा क्लाइव्ह डनफीच्या मृत्यूतूनच ओवलेला आहे. तो तेथे तोडला तर पुढच्या गाडीच्या हाती काहीच उरत नाही. घराण्यांना, संस्थांना आणि राष्ट्रांनाही हाच नियम लागू आहे. पूर्वजांचे पराक्रम आपले म्हणून सांगताना त्यांच्या चुका मात्र परक्यांच्या, असे वागणारा मनुष्य त्या खरेदीदारासारखा असतो. त्याला नाव हवे असते, पण नावाबरोबर येणारे ओझे नको असते. इंग्लंडच्या एका न्यायाधीशाने एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने सांगितले की, हे दोन्ही एकाच किमतीत येतात. ती किंमत एक कोटी पौंड होती की नव्हती, हा मोटारींच्या व्यापाऱ्यांचा प्रश्न आहे. इतिहासाचा हिशेब मात्र न्यायमूर्तींनी बरोबर केला, असे आम्हांला वाटते.